केशपुटकातील मूळ पेशींची दर्शक प्रथिने

गेलेला केस पुन्हा उगवेल की नाही, हे केशपुटकातल्या मूळ पेशी शाबूत आहेत का, यावर बऱ्याच अंशी ठरते. नेहमीच्या रंगद्रव्यांनी रंगवलेल्या छेदात या पेशी शेजारच्या पेशींतून निवडता येत नाहीत. म्हणून त्यांच्या आतली किंवा पृष्ठभागावरची ठराविक प्रथिने प्रतिपिंडांच्या साहाय्याने हुडकतात. हीच दर्शक प्रथिने, म्हणजे मार्कर.

अंगावर काटा आणणारा बारीक स्नायू पुटकाला जिथे चिकटतो, तिथल्या फुगवट्यात या पेशी असतात. जॉर्ज कोट्सारेलिस, तुंग-तिएन सन आणि रॉबर्ट लॅव्हकर यांनी १९९० मध्ये उंदरांवरील प्रयोगातून हे दाखवले. त्यापूर्वी त्या केसाच्या कंदात असाव्यात असे मानले जाई.

माणसात केराटिन १५ आणि सीडी २०० ही प्रमुख दर्शके. उंदराच्या फुगवट्यावर सापडणारे सीडी ३४ माणसात मात्र फुगवट्याच्या खाली आढळते, त्यामुळे उंदरावरचे निष्कर्ष माणसाला सरसकट लावणे धोक्याचे. केराटिन १५ बाह्यत्वचेच्या तळथरातही असते. एकट्या त्याच्या साक्षीवर विसंबू नये.

पुरुषांच्या आनुवंशिक टकलाविषयी सर्वांत बोलके संशोधन लुईस गार्झा, कोट्सारेलिस व सहकाऱ्यांचे, २०११ चे. त्यांनी एकाच व्यक्तीच्या टकलाच्या आणि केसाळ भागांतील पेशी ताडून पाहिल्या. केराटिन १५ भरपूर असलेल्या मूळ पेशी दोन्हीकडे टिकून होत्या. सीडी २०० भरपूर असलेल्या, तसेच सीडी ३४ असलेल्या पुढच्या टप्प्यातील पेशी मात्र टकलाच्या भागात फार घटल्या होत्या. बियाणे आहे, पण रोप धरत नाही. टक्कल म्हणजे मूळ पेशींचा नाश, ही कल्पना यामुळे मोडली.

लायकेन प्लॅनोपायलॅरिस या व्रणजन्य केसगळतीत चित्र उलटे असते. सीडी २०० एरवी प्रतिकारपेशींना आवरून धरते. या रोगात ते फुगवट्यावर कमी होते, ऊतक-जुळणीची प्रथिने वाढतात आणि प्रतिकारपेशी थेट मूळ पेशींवर तुटून पडतात. केराटिन १५ असलेल्या पेशीही घटतात आणि पुटकाच्या जागी व्रणऊतक भरते. चाई पडते तेव्हा हल्ला कंदाभोवती असतो, फुगवटा सहसा वाचतो. म्हणून तिथे काही वर्षांनंतरही केस येऊ शकतात.

रोजच्या निदानात आजही तपासणी आणि त्वचेचा साधा छेद यांवरच भर असतो. दर्शकांचा वापर मुख्यतः संशोधनात होतो. व्रणजन्य प्रकारात दाह लवकर रोखणे एवढेच हाती असते, कारण व्रण झालेल्या जागी औषधाने केस परतत नाहीत.