‘मोतीबिंदू पिकू द्या’ म्हणून थांबू नका. पडद्यावर व्रण पडला की नजर परत येत नाही

चाकण : खेड, मावळ, मुळशी तालुक्यांत आजी-आजोबांना कमी दिसू लागलं की घरात पहिला शब्द निघतो मोतीबिंदूचा. ‘पिकू द्या, मग ऑपरेशन करू,’ असं म्हणत महिने जातात. मुलगा एमआयडीसीत शिफ्टला, त्याला सुट्टी मिळत नाही. मोतीबिंदूने गेलेली नजर ऑपरेशननंतर बहुधा परत येते. बिघाड डोळ्याच्या पडद्यात असेल, तर मात्र हे थांबणं महागात पडतं.

व्रण कसा पडतो?

पडद्याच्या मधोमध सुमारे ५ मिलिमीटरचा भाग असतो, तो मॅक्युला. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं ही कामं त्याच्यावरच चालतात. पन्नाशीनंतर काहींच्या मॅक्युलाखाली ‘ड्रुसेन’ नावाचे पिवळसर कण साठतात. हा ‘कोरडा’ प्रकार, तो सहसा सावकाश वाढतो.

काहींमध्ये पुढे ‘ओला’ प्रकार होतो. पडद्याखाली नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वाढतात आणि त्यांतून पाणी, रक्त झिरपतं. कातडीवरची जखम भरते तसंच शरीर इथेही कोलेजनचे तंतू विणतं. हाच व्रण. त्या जागच्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरतात आणि नजरेच्या मध्यभागी कायमचा डाग राहतो. कडेचं दिसत राहतं. त्यामुळे माणूस घरात फिरतो, पण समोर कोण उभं आहे ते ओळखत नाही.

उपचार कधी?

डोळ्यात दिली जाणारी इंजेक्शनं ही गळती रोखतात, झालेला व्रण पुसत नाहीत. अमेरिकेतल्या ‘कॅट’ अभ्यासात उपचार घेऊनही दोन वर्षांत सुमारे ४५ टक्के डोळ्यांत व्रण आढळला. म्हणून पहिले काही आठवडे मोलाचे.

घरी काय पाहाल?

जवळचा चष्मा लावा, एक डोळा झाका आणि कॅलेंडरच्या चौकटी पाहा. मग दुसरा डोळा. रेषा वाकड्या दिसल्या किंवा मधला आकडा गायब झाला, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि पडद्याची तपासणी करून घ्या. पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि पुण्याचं ससून इथे नेत्रविभाग आहेत. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना धोका जास्त, ती सोडलेली बरी.