सोरायसिस किती खोल आहे? सोनोग्राफी काय दाखवते

माझ्या कोपरांवर, पाठीवर आणि पायांवर सोरायसिसचे चट्टे आहेत. एकाच महिन्यात दोन डॉक्टरांना दाखवलं. एक म्हणाले सौम्य, दुसरे म्हणाले मध्यम. चट्टे तेच, मीही तोच! मग हे ठरवतात कसं, ते शोधायला बसलो.

डॉक्टर जी मोजपट्टी वापरतात तिला 'पासी' स्कोअर म्हणतात. ती १९७८ पासूनची आहे. डोकं, हात, धड, पाय असे चार भाग करायचे; प्रत्येक भागात लाली, जाडी आणि पापुद्रे यांना ० ते ४ गुण, व्यापलेल्या जागेला ० ते ६. गणित करून ० ते ७२ मधला आकडा येतो. समजा, चारही भागांत जागेला २, लालीला २, पापुद्र्यांना २ आणि जाडीला १ गुण दिला, तर स्कोअर १०. दुसऱ्या डॉक्टरांच्या बोटांना तेच चट्टे जरा जाड लागले, त्यांनी जाडीला २ दिले, की स्कोअर थेट १२. आणि साधारणपणे १० च्या वर गेलं की गोळ्या-इंजेक्शनांचा विचार सुरू होतो. त्यातून आपली त्वचा सावळी. तिच्यावर लाली जांभळट किंवा तपकिरी दिसते, त्यामुळे कमी मोजली जाऊ शकते.

सोनोग्राफी जाडी अंदाजाने नाही, मिलिमीटरमध्ये सांगते. पण पोटाचा प्रोब इथे चालत नाही. ३ मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी अर्धा मिलिमीटर असते, आणि त्वचेचा सर्वांत वरचा थर बहुतेक ठिकाणी जेमतेम ०.१ मिलिमीटर! म्हणून २० मेगाहर्ट्झच्या आसपासचा प्रोब लागतो. त्याचा आवाज काही मिलिमीटरांतच विरतो, पण आपल्याला तेवढंच पाहायचं असतं.

चट्ट्यावर प्रोब ठेवला की वरचा थर जाड दिसतो. त्याखाली एक काळपट पट्टा दिसतो. सूज आणि फुगलेल्या रक्तवाहिन्यांमुळे तिथून प्रतिध्वनी कमी येतो, म्हणून तो काळा. डॉपलर लावला तर वाढलेला रक्तप्रवाहही रंगात दिसतो. औषध लागू पडत असेल तर हा पट्टा बारीक होत जातो. कधी वरून चट्टा बरा दिसतो, पण आत पट्टा शिल्लक असतो. मला वाटतं, या तपासणीचा खरा उपयोग इथेच आहे.

तपासणी करणाऱ्याचा हात मात्र हलका हवा. प्रोब दाबला की बारीक रक्तवाहिन्या चेपतात आणि रक्तप्रवाह कमी दिसतो. म्हणून जेलचा जाड थर लावतात. पापुद्रे जाड असतील तर त्यांची सावली पडते, ते आधी मऊ करून घ्यावे लागतात.

आणि हो, सोनोग्राफी एका वेळी एकच जागा पाहते. अंगाचा किती भाग व्यापलाय ते सांगत नाही, त्यामुळे पासी सुटत नाही. शिवाय आपल्याकडे सोनोग्राफी यंत्र म्हटलं की गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची नोंदणी आलीच. प्रत्येक त्वचारोगतज्ज्ञाकडे यंत्र मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. सांधे किंवा टाचा दुखत असतील तर मात्र डॉक्टरांना जरूर विचारा, कारण सोरायसिसच्या संधिवाताची सूज सोनोग्राफीत लवकर सापडू शकते.

मी डाव्या कोपराच्या एका चट्ट्याची तपासणी करून घेतली. जागेचा फोटो काढून ठेवलाय, तीन महिन्यांनी तिथेच पुन्हा मोजायचं आहे.