खटला दोन आयांचा नव्हे

सेलेस्ट इंग यांची ‘लिटल फायर्स एव्हरीव्हेअर’ ही कादंबरी २०१७ साली आली आणि तेव्हापासून तिच्यावरची चर्चा एकाच प्रश्नाशी येऊन थांबते : मिया चांगली आई की एलेना? ओहायोतल्या क्लीव्हलँडला लागून असलेलं शेकर हाइट्स हे उपनगर, काळ १९९७-९८. एलेना रिचर्डसन तिथलीच, स्थानिक वर्तमानपत्रात बातमीदार, नवरा वकील, चार मुलं. मिया वॉरन तिची भाडेकरू. ती छायाचित्रकार आहे आणि मोटारीत मावेल एवढ्याच संसारानिशी मुलगी पर्लला घेऊन गावोगाव फिरलेली आहे. बीबी चाऊ या चिनी स्थलांतरित बाईनं हलाखीत आपली तान्ही मुलगी अग्निशमन केंद्राच्या दारात ठेवलेली असते. एलेनाची मैत्रीण लिंडा मॅकुला तिला दत्तक घ्यायला निघते, मिया बीबीला मुलीचा ठावठिकाणा सांगते आणि प्रकरण कोर्टात जातं.

बहुतेक वाचकांचा कौल मियाला आणि बीबीला मिळतो. २०२० साली आलेल्या मालिकेनं हा कौल पक्का केला. रीस विदरस्पून आणि केरी वॉशिंग्टन या दोन नट्या समोरासमोर उभ्या राहिल्या आणि कादंबरीत मियाचा वंश सांगितलेला नसताना पडद्यावर ती कृष्णवर्णीय झाली. आपल्या वाचकांच्या हाताशी तर एक तयार चौकट असतेच : जन्म देणारी मोठी की वाढवणारी, देवकी की यशोदा?

हे वाचन मला मान्य नाही. पण आधी पूर्वपक्षाचं बळ कबूल केलं पाहिजे, कारण ते खोटं नाही. एलेना बातमीदारीतल्या ओळखी वापरून मियाचा भूतकाळ उकरते. मैत्रिणीच्या दवाखान्यात, मैत्रीण खोलीबाहेर गेल्याचं पाहून, ती रुग्णांच्या नोंदी चाळते आणि तिथे पर्लचं नाव वाचून भलताच निष्कर्ष काढते. गर्भपात झालेला असतो तिच्याच मुलीचा, लेक्सीचा, आणि लेक्सीनं तिथे पर्लचं नाव दिलेलं असतं. त्या चुकीच्या निष्कर्षावर एलेना मायलेकींना घर सोडायला लावते. हे सगळं वाचून तिच्याबद्दल जिव्हाळा वाटणं अवघड आहे. तेवढ्यावरून कादंबरी ‘खऱ्या आईची’ बाजू घेते असं मात्र ठरत नाही.

‘खरी आई’ याचा अर्थ रक्ताची आई असा घेतला, तर तो मुद्दा पहिल्यांदा मियाच्याच प्रकरणात अडखळतो. न्यूयॉर्कमध्ये कलाशिक्षण घेताना पैसे संपत आले, म्हणून मियानं रायन दांपत्यासाठी मूल पोटात वाढवून द्यायचं कबूल केलं. बीज जोसेफ रायनचं, अंडं मियाचं. पुढे भावाच्या मृत्यूनंतर तिनं रायन दांपत्याला गर्भ पडल्याचं कळवलं आणि पोटातल्या पर्लला घेऊन ती पश्चिमेकडे निघून गेली. म्हणजे पर्ल रक्तानं जितकी मियाची, तितकीच जोसेफ रायनचीही. मूल होत नाही म्हणून झुरणाऱ्या त्या जोडप्याला, आपलं मूल जगात आलं आहे हेही सांगितलं गेलं नाही. बीबीसाठी रक्ताचा दाखला देणाऱ्या वाचकानं तोच दाखला रायनसाठीही दिला पाहिजे. तसं करताना कोणी दिसत नाही.

अशा पेचातून कायद्यालाही वाट सापडली नव्हती. ‘बेबी एम’ या नावानं गाजलेल्या खटल्यात न्यू जर्सीची मेरी बेथ व्हाइटहेड करारानं दुसऱ्यांसाठी पोटात वाढवलेलं मूल द्यायचं नाकारून ते घेऊन फ्लोरिडाला गेली होती. १९८८ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं तो करारच बेकायदा ठरवला, तरी ताबा बापाला दिला आणि आईचा भेटीचा हक्क राखला. कागद एकाच्या बाजूनं, मूल दुसऱ्याच्या घरात. मियाची गोष्ट त्याआधीच्या काळातली आहे. तिच्यापुढे तर एवढाही निकाल नव्हता. मराठी वाचकाला इथे समृद्धी पोरे यांचा ‘मला आई व्हायचंय’ हा चित्रपट आठवेल. त्यात मात्र आपला नसलेला गर्भ वाढवणारी विदर्भातली बाई ते परदेशी मूल स्वतःचं म्हणून वाढवते आणि प्रेक्षकाची सहानुभूती तिच्याकडे, रक्ताचं नातं नसलेल्या आईकडे जाते. म्हणजे आपला कौल रक्ताला नसतोच. ज्या बाईला कथाकारानं जवळून दाखवलं, तिला आपण तो देतो आणि नंतर कारण म्हणून तत्त्व शोधतो.

देवकी-यशोदेची चौकटही इथे बसत नाही. देवकी विरुद्ध यशोदा असा दावा आपल्या परंपरेत कधी लागलाच नाही. दोघींनाही वंदन आहे. दावा लागलेली कथा हवी असेल तर ती महोसधाच्या जातकात आहे. एका मुलासाठी आई आणि यक्षिणी भांडतात, न्याय करायला बसलेला महोसध रेघ मारून मूल ओढायला सांगतो, मूल रडू लागल्यावर आईचा हात सुटतो आणि तोच सुटलेला हात तिच्या आईपणाचा पुरावा ठरतो. बीबीकडे या कथेच्या उजेडात पाहावं. दुधाच्या डब्याला पैसे नाहीत, अंगावरचं दूध आटलेलं, हिवाळा, मन प्रसूतीनंतरच्या नैराश्यात बुडालेलं. तिनं मूल जगावं म्हणून हात सोडला. कोर्टात तोच सुटलेला हात तिच्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा झाला. असं सोडलेलं मूल कायद्याच्या संरक्षणात स्वीकारण्याची तरतूद अमेरिकेत प्रथम टेक्सासनं केली, ती १९९९ साली. बीबीच्या वेळी ती उपलब्ध नव्हती. कादंबरीचा संताप मला इथे दिसतो. तो लिंडावर नाही. आईपण कशानं सिद्ध होतं याची कसोटीच जिथे उलटी लावली जाते, त्या व्यवस्थेवर तो आहे.

आणि ही व्यवस्था इंग यांनी अंदाजानं रंगवलेली नाही. त्यांच्या वाढत्या वयाची वर्षं शेकर हाइट्समध्येच गेली. ऑरिस आणि मँटिस व्हॅन स्वेरिंजेन या भावांनी आखलेलं हे गाव १९१२ साली रूपाला आलं. घराची शैली कोणती, रंग कोणता, घर रस्त्यापासून किती आत, हे सगळं ठरलेलं. कचऱ्याचे डबे रस्त्यावर दिसू नयेत म्हणून छोट्या गाड्या थेट घरामागे जाऊन कचरा उचलत. मिया राहते त्या विन्स्लो रोडवरची घरं दोन कुटुंबांसाठी बांधलेली आहेत, पण बाहेरून दार एकच दिसतं. आत गेल्यावर एक वाट खालच्या घराची, एक जिना वरच्या घराचा. भाड्यानं राहणाऱ्याला आपण भाडेकरू आहोत हे शेजाऱ्याला दिसू नये, ही त्यामागची कळकळ. १९२० च्या दशकात खरेदीखतांत अट आली की घर पुन्हा विकताना त्या भावांच्या कंपनीची किंवा शेजाऱ्यांची संमती हवी. वंशाचा शब्दही न लिहिता कृष्णवर्णीयांना त्या अटीनं दूर ठेवलं. पुढे १९५७ मध्ये लडलो वस्तीतल्या गोऱ्या-काळ्या रहिवाशांनी एकत्र संघटना काढली, गाव मिश्र वस्तीसाठी नावाजलं, आणि १९९७ मधली लेक्सी निरागसपणे म्हणू शकते की आमच्याकडे वंश कोणी पाहतच नाही.

या जमिनीचा इतिहास मला कादंबरीच्या गाभ्याशी जोडलेला वाटतो. १८२२ ते १८८९ या काळात इथे नॉर्थ युनियनच्या शेकर पंथीयांची वसाहत होती, गावाचं नावही त्यांच्यावरूनच. हा पंथ ब्रह्मचर्य पाळणारा. त्यांच्यात मुलं जन्मत नसत. अनाथ मुलं, नव्यानं पंथात आलेल्यांची मुलं ते सांभाळत. जन्माचा दावा नसलेली माणसं जिथे मुलं वाढवत होती, तिथे शतकाहून अधिक काळानं मूल कोणाचं यावर खरेदीखताच्या भाषेत वाद चालतो.

कादंबरीतली मुलं हा वाद मानत नाहीत. पर्लला रिचर्डसनांच्या घरातला सोफा, दूरदर्शनसमोरचा गोंगाट, नक्की असलेला उद्या हवा असतो. एलेनाची धाकटी मुलगी इझी मियाच्या स्वयंपाकघरात आणि डार्करूममध्ये रमते. गर्भपातानंतर लेक्सी स्वतःच्या आईकडे जात नाही, मियाकडे जाते. यातली कोणीच चांगल्या आईची निवड करत नाही. ज्या क्षणी ज्या घरी आपल्याकडे कोणी नीट पाहतं, तिथे ती जातात. एलेना इझीकडे पाहू शकत नाही याचंही कारण इंग यांनी दिलं आहे, आणि ते दुष्टपणाचं नाही. इझी दिवस भरण्याच्या बऱ्याच आधी जन्मली. ती जगते की नाही या धास्तीत गेलेले दिवस एलेनाच्या मनातून कधी उतरलेच नाहीत, आणि धास्तीचं रूपांतर सततच्या टोकण्यात झालं. मियाचंही तसंच. पर्ल हातची जाईल या भीतीनं तिनं लेकीला एकाही गावात मुळं धरू दिली नाहीत. मालिकेनं शेवट बदलला. तिथे रिचर्डसनांच्या घराला आग लावण्याचं काम उरलेली तीन मुलं पुरं करतात आणि एलेना दोष स्वतःवर घेते. पुस्तकात आग एकट्या इझीची आहे. आईच्या कबुलीनं सगळं मिटवण्याची सोय इंग यांनी ठेवलेली नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे : दोन्ही बाजूंना समजून घेण्याच्या नादात श्रीमंत-गरीब हा भेद पुसला जातो. मला उलट वाटतं. भेद पुसला जातो तो ‘वाईट आई, चांगली आई’ या वाचनात, कारण मग एलेना जरा मायाळू असती तर सगळं सुरळीत झालं असतं असा अर्थ निघतो. लिंडाकडे पाहा. तिचे गर्भ पुन्हापुन्हा पडलेले आहेत, बाळावर तिचा जीव आहे. बीबीचा वकील एड लिम तिला विचारतो, मुलीला तिच्या मूळ संस्कृतीची ओळख कशी करून देणार? ती सांगते ते चिनी उपाहारगृहाबद्दल. बाहुल्या कोणत्या आणल्या, असं विचारल्यावर उघड होतं की त्या गोऱ्या आहेत. चिनी चेहऱ्याची बाहुली आपल्या लेकीसाठी शोधताना आपण किती भटकलो, हे एड लिमलाच ठाऊक. लिंडा त्या प्रश्नांनी भांबावते. तिनं काही लपवलेलं नसतं, तिला तो प्रश्न कधी पडलेलाच नसतो. तरी निकाल तिच्या बाजूनं लागतो, आणि बीबीला मूल रात्रीतून उचलून चीनला पळून जावं लागतं. लिंडा चांगली बाई आहे. तिच्या चांगुलपणानं बीबीच्या वाट्याचं काहीही बदललं नाही, आणि ती वाईट असती तरी बदललं नसतं.