प्रौढपणीं घातलेली मांड



घोड्यावर बसण्याची विद्या बाळपणींच यावी लागते, मिसरूड फुटल्यावर तिच्या वाटेस जाऊं नये, असा आपल्याकडे पक्का समज आहे. पोहण्याविषयींहि वडीलधारीं माणसें हेंच सांगतात. या समजाला मराठ्यांच्याच इतिहासांत एक ठसठशीत उत्तर आहे. तें उत्तर म्हणजे शाहू छत्रपतींचे पेशवे बाळाजी विश्वनाथ भट.

बाळाजीपंत मूळचे श्रीवर्धनचे. समुद्रकांठचें गांव तें; तेथलें वाहन म्हणजे होडी, नाहींतर स्वतःचे पाय. सिद्दीच्या जाचामुळें ते घांट चढून देशावर आले, तेव्हां ते कर्ते पुरुष होते. हातीं लेखणी होती, हिशेब होता, मसलत होती. घोडा मात्र नव्हता. आणि ज्या मुलुखांत ते आले, तेथें घोड्यावांचून माणसाची किंमत होत नसे. त्यांच्याविषयीं अशी आख्यायिका सांगतात कीं, ते घोड्यावर बसले म्हणजे त्यांना दोहों बाजूंनीं एकेक माणूस धरावयास लागे. ही गोष्ट पुष्कळदां थट्टेनें सांगितली जाते. मला तींत थट्टेपेक्षां धैर्य अधिक दिसतें. लेखणी चालविण्यांत ज्याचा हात कोणी धरूं शकत नव्हता, त्यानें सगळ्या छावणीच्या डोळ्यांदेखत, कोवळीं पोरें आजूबाजूस घोडीं फेंकीत असतां, दोन नोकरांच्या आधारानें खोगिरावर बसावें, याला लहान छाती पुरत नाहीं. प्रौढ शिकाऊस पडण्याचें भय असतें, त्याहून मोठें भय हसें होण्याचें असतें.

पुढें ही मांड किती कामास आली पहा. १७११ सालीं चंद्रसेन जाधवाशीं त्यांचें वांकडें आलें. निमित्त काय, तर शिकारींत उठलेलें एक हरिण! जाधवाचें घोडदळ पाठीस लागलें आणि बाळाजीपंतांना पुरंदराकडून थेट वाईजवळच्या पांडवगडापर्यंत जीव घेऊन पळावें लागलें. बरोबर मुलगे होते. थोरला बाजीराव त्या वेळीं जेमतेम दहा-अकरा वर्षांचा. अशा पळांत दोन्हीकडून धरावयास माणसें कोठून आणावयाचीं? दोन वर्षांनीं, १७१३ मध्यें, तेच पेशवे झाले. त्यानंतर दमाजी थोरातानें त्यांना दग्यानें कैद केलें, आणि पैसे न दिल्यास राखेनें भरलेला घोड्याचा तोबरा तोंडाला बांधण्याची धमकी दिली. ज्या समाजांत छळाचें साधनसुद्धां पागेंतून उचललें जातें, त्या समाजांत घोडा किती भिनलेला होता तें यावरून ओळखावें.

हा देशावरचा घोडा कसला होता, हें कळावयास निगडीसारखें गांव बरें. आज निगडी म्हटली कीं पिंपरी-चिंचवडची गजबज डोळ्यांपुढें येते. पण गांवाचें आसन मूळचें दोन नद्यांच्या मध्यें आहे. एकीकडे पवना, दुसरीकडे इंद्रायणी, आणि दोघींचें पाणी शेवटीं भीमेलाच मिळतें. या भीमेच्या आणि नीरेच्या थडीवर जो घोडा निपजला तो भीमथडी. अंगानें बेताचा, दिसण्यांत फारसा राजबिंडा नव्हे, पण खुराचा कठीण, खाण्याचा सोसीक आणि डोंगरउतरणीला पाय न चुकणारा. निगडीवरून पुढें मावळांत जा; वडगांवास १७७९ च्या जानेवारींत पुण्यावर चालून आलेली इंग्रज फौज कोंडली गेली आणि तिला तह करावा लागला. या कोंडींत मराठी घोडदळाचा वांटा मोठा होता.

घोडा चांगला असून भागत नाहीं. त्याच्याशीं नातें जुळावें लागतें. तें नातें खोगिरावर बसण्यापूर्वींच, तबेल्यांत जुळतें. शिवाजी महाराजांच्या पागेची जी रचना सभासद सांगतो, तींत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, आणि तेवढ्याच घोड्यांमागें पाण्यासाठीं एक पखालजी व नालांसाठीं एक नालबंद. १६७४ सालीं चिपळूणकडे छावणीस राहिलेल्या घोडदळाच्या जुमलेदारांना महाराजांनीं पाठविलेलें पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण आतांच उधळाल तर भर पावसाळ्यांत घोडीं उपाशीं मरतील, आणि तीं तुम्हींच मारलीं असें होईल, असा त्याचा भाव आहे. पेटती वात उंदरानें ओढून नेऊन गवताच्या गंजीस आग लागेल, इतकी बारीक सूचना त्यांत आहे. राज्याभिषेक तोंडावर आलेला असतां राजा उंदराचा आणि गवताचा विचार करतो! पागेचा खरा धनी याला म्हणावें.

बारगीर सरकारच्या घोड्यावर बसे. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा. घोडा पडला कीं शिलेदाराची रोजी बुडाली. यामुळें कित्येकदां शिलेदार ऐन गर्दींत घोडा घालण्यास कचरत, असा ठपका त्यांच्यावर ठेवला जातो. तो खोटा नाहीं. पण ज्या जनावरानें घर चालविलें, त्याला बंदुकीच्या तोंडीं देतांना माणसाचा हात अडखळला, तर त्याला नुसतें भ्याड म्हणून मोकळें होणें मला तरी बरें वाटत नाहीं.

आतां बाजीरावाकडे वळूं. निजामानें आपला चितारी पाठवून, बाजीराव दिसेल तसा काढून आणण्यास सांगितलें, अशी एक गोष्ट आहे. चितारी घेऊन आला तें चित्र असें : लगाम घोड्याच्या मानेवर सैल टाकलेला, भाला खांद्यावर, आणि पेशवा दोन्ही हातांनीं जोंधळ्याचीं कणसें चोळून दाणे खात चाललेला. या गोष्टीशेजारीं बापाची गोष्ट ठेवून पहा. बापाला धरावयास दोन माणसें, आणि मुलाचे दोन्ही हात मोकळे. हा फरक रक्ताचा म्हणावा, तर दोघे एकाच घरचे. घोडा आपणांस पाडणार नाहीं हें ज्याच्या अंगांत लहानपणींच मुरलें, त्याचे हात मोकळे झाले. ज्याला तें प्रौढपणीं बुद्धीनें शिकावें लागलें, त्याला आधार लागला. पण त्या आधारावर बसणाऱ्यानें मुलाला घोड्यावर घातलें, १७१८ सालीं सय्यद बंधूंच्या मदतीस दिल्लीच्या मोहिमेवर बरोबर नेलें, आणि दुसऱ्या वर्षीं चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन तो परतला.

घोडा हा भक्ष्य होणाऱ्या प्राण्यांच्या जातीचा. पळणें हेंच त्याचें संरक्षण. अंगावर माशी बसली तरी त्याची कातडी थरारते. मग स्वाराच्या आखडलेल्या मांड्या त्याला कळणार नाहींत कशा? भ्यालेला स्वार लगाम ओढतो, घोडा त्यानें बिचकतो, आणि स्वार अधिकच भितो. यासाठीं प्रौढ शिकाऊनें आधीं चंदी द्यावी, खरारा करावा, खूर उचलून पहावेत, आणि मग रिकिबींत पाय घालावा, हें बरें. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं झेनोफन या ग्रीक सेनानीनें अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला; घोड्याजवळ रागानें जाऊं नये, ही शिकवण त्यांतहि आहे. लहान मूल हें सारें खेळतां खेळतां करतें. प्रौढ माणसाला तें वेळ काढून करावें लागतें, एवढेंच.

१८१८ मध्यें पेशवाई गेली आणि पागा मोडल्या. १८५८ सालीं खंडाळ्याहून पुण्यापर्यंत आगगाडी धांवली. निगडीच्या शेजारीं आकुर्डीस १९६० च्या सुमारास दुचाकी वाहनांचा कारखाना उभा राहिला, आणि घोडा त्या भागांत उरला तो यंत्राच्या ‘अश्वशक्ति’ या शब्दांत. भीमथडी मात्र धनगरांच्या पाठीवरच्या संसाराबरोबर, त्यांच्या मेंढरांमागून, रानोमाळ हिंडत राहिला. २०२४ सालीं त्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली.

दरवर्षीं ज्येष्ठ वद्यांत तुकोबांची पालखी देहूहून निघून निगडीवरून आकुर्डीच्या मुक्कामास येते. तिच्याबरोबर अश्व चालत असतो. रस्त्याच्या कडेला उभीं असलेलीं माणसें त्याच्या अंगास हात लावून तो हात कपाळीं नेतात. त्यांतील बहुतेकांना वर्षांतून घोड्याच्या इतकें जवळ जावयास मिळतें तें त्याच दिवशीं.