भाजे लेण्यांतील 'थेर' आणि 'ढकलपास'चा प्रश्न

१/ मळवली स्थानकाजवळ, भाजे गावाच्या वरच्या डोंगरात २२ लेणी आहेत. आरंभ साधारण इ.स.पू. दुसऱ्या शतकातला. चैत्यगृहापासून काही अंतरावर १४ स्तूपांचा समूह आहे; दिवंगत भिक्षूंच्या स्मरणार्थ कोरलेला. काहींवर ब्राह्मी अक्षरांत नावे आहेत: अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. नावांसोबत येते 'थेर' ही उपाधी.

२/ थेर म्हणजे स्थविर, ज्येष्ठ भिक्षू. पाली परंपरेनुसार उपसंपदेनंतर ५ वर्षांपर्यंत 'नवक', ५ ते १० 'मज्झिम' आणि १० पूर्ण झाली की 'थेर'. वर्षे मोजायची ती वर्षावासांनी, म्हणजे पावसाळ्यात एका जागी राहून.

३/ म्हणजे काळ सरला की आपोआप बढती? आजच्या भाषेत 'ढकलपास'? तसे नव्हते.

४/ विनयपिटकातील 'महावग्ग' सांगतो: नव्या भिक्षूने आचार्याच्या आश्रयाने राहावे. यास 'निस्सय' म्हणत. सक्षम भिक्षूला ५ वर्षे पुरेत. अक्षम असेल त्याने आयुष्यभर आश्रयाने राहावे.

५/ हीच कसोटी गुरूलाही होती. १० वर्षे पूर्ण झालेले, पण अज्ञ असे भिक्षू शिष्य करू लागले, तेव्हा नियम झाला: उपसंपदा देणारा १० वर्षांचा तर हवाच, शिवाय सक्षमही हवा.

६/ म्हणजे संघात दोन हिशेब स्वतंत्र होते. ज्येष्ठता काळाने ठरे, स्वातंत्र्य योग्यतेने. मागे राहिलेल्याचे वर्षावास पुसले जात नसत. त्याचा आचार्य तेवढा सुटत नसे.

७/ आता आपल्या शाळा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १६ ने आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात ठेवण्यास मनाई केली. नापासाचा शिक्का बसलेले मूल शाळाच सोडते, ही त्यामागची चिंता. पुढे 'न शिकताच वर जातात' ही तक्रार वाढली आणि २०१९ मध्ये कायदा बदलला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा आणली. अनुत्तीर्णास पुनर्परीक्षा, तीतही अपयश आल्यास तोच वर्ग. शाळेतून काढण्यास मात्र आजही बंदी आहे.

८/ भिक्षू प्रौढ होते, स्वेच्छेने आलेले. पाचवीतले मूल जेमतेम दहा-अकरा वर्षांचे. तुलना इथे थांबते. तरी एक भेद विचारात घ्यावा. आपण दोन्ही हिशेब एकाच गुणपत्रिकेत मिसळतो. म्हणून वर ढकललेल्याला न आलेले गणित पुन्हा शिकवणारा कोणी उरत नाही आणि मागे ठेवलेल्याचे सवंगडी तुटतात.

९/ याच कायद्याचे कलम २४ शिक्षकावर कर्तव्य टाकते: प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून आवश्यक ते जादा अध्यापन करावे. वाद कलम १६ वर झडतात. मुलाचे भवितव्य बहुधा कलम २४ वर ठरते.