काडीला धरणारी फळं

मे महिन्यात मावळातल्या पवना धरणाच्या काठी, पर्यटकांच्या तंबूंपुढे, संध्याकाळी जी फळं काडीवर चढतात, त्यांतलं एकही मावळचं नसतं. अननस, कलिंगड, द्राक्षं, हंगाम लांबला असेल तर एखादी स्ट्रॉबेरी. त्याच आठवड्यात पलीकडे तुंग-तिकोना गडांच्या उतारांवर करवंदांच्या जाळ्या काळ्याभोर झालेल्या असतात, तोरणं पांढरी फुटलेली असतात, आळू पिकलेले असतात. पण तंबूवाल्यांच्या ताटात यांतलं काही दिसत नाही. शहरी पाहुण्यांना रानमेव्याची कदर नाही, असं म्हणून मोकळं होता येईल. मला मात्र दोष काडीचा वाटतो.

करवंद टोचून पाहा. साल फाटते, रस आणि चीक बोटांना लागतो आणि फळाची दोन शकलं होतात. जांभळात काडी थेट बीवर जाऊन अडते. तोरणात बी काढली तर उरतं काय? पिकलेला आळू म्हणजे नुसता मऊ लगदा. फार काय, हापूसची फोडसुद्धा काडीवर नीट बसत नाही, आपल्याच वजनानं खाली घसरते. काडीला फळ हवं ते घट्ट, मध्ये आठळी नसलेलं, चौकोनी कापता येणारं आणि कापल्यावर लगेच पाणी न सोडणारं. कलिंगड या शेवटच्या अटीत नापास होतं, पण रंगावर पास करून घेतात.

काडीचं मूळ घराणं मांसाहारी आहे. पाणिनीनं अष्टाध्यायीत शूलावर भाजलेल्या पदार्थाला काय म्हणायचं, याचा नियमच देऊन ठेवलाय. टीकाकार त्याला उदाहरण देतात ते शूल्य मांसाचं. पुढे कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं ११२९च्या सुमाराला ‘मानसोल्लास’ रचला. ही कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. त्या ग्रंथातल्या स्वयंपाकाच्या भागात मसाला भरलेले मांसाचे तुकडे सळीला लावून निखाऱ्यावर भाजण्याचा प्रकार आहे. सीख कबाब मुसलमान राजवटींबरोबर आला, असं आपण सहज बोलून जातो. नाव त्यांच्याबरोबर आलं असेल, पण सळी आणि निखारे इथे आधीपासून होते.

फळ या सळीवर यायला आधी तसं फळ इथे यावं लागलं. अननस मूळचा दक्षिण अमेरिकेतला. कोलंबसाच्या माणसांनी तो १४९३ साली ग्वादलूप बेटावर चाखला आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लावला. जहांगीर बादशहानं आपल्या आठवणींत फिरंग्यांच्या बंदरांतल्या या फळाची दखल घेतली आहे, आणि आग्र्याच्या बागेत ते दरवर्षी हजारांनी येतं हेही कौतुकानं लिहून ठेवलंय. कलिंगड आफ्रिकेतून आलं, पण इतकं जुनं की आता कोकणातल्या भातखाचरांत त्याला कुणी परकं म्हणणार नाही. स्ट्रॉबेरी साहेबाबरोबर महाबळेश्वरला चढली. तिथल्या स्ट्रॉबेरीला २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण एप्रिल सरता सरता तिचा हंगाम आटोपतो, म्हणून मेमधल्या काडीवर ती क्वचित दिसते.

आता काडीची दुसरी, बारकी शाखा. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स फॉर्स्टर नावाचा अमेरिकन व्यापारी ब्राझीलमध्ये होता. तिथल्या लोकांच्या हातानं कोरलेल्या दात कोरायच्या काड्या त्यानं पाहिल्या, आणि मायदेशी परतल्यावर बुटांच्या खुंट्या पाडणाऱ्या यंत्राच्या धर्तीवर तसल्या काड्या लाखांनी पाडायला सुरुवात केली. टूथपिक स्वस्त झाली ती तिथून. अननस हे नावही ब्राझीलच्या तुपी लोकांकडून पोर्तुगीजांच्या तोंडी बसलेलं. म्हणजे एकाच किनाऱ्यावरून नाव एका वाटेनं निघालं आणि काडी दुसऱ्या वाटेनं, आणि दोघांची गाठ पडली ती पार्टीच्या टेबलावर. डब्यातलं चीज, डब्यातलाच अननस आणि लालभडक चेरी टूथपिकवर टोचायची आणि त्या टूथपिका कोबीच्या गड्ड्यात किंवा चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या बटाट्यात खोचून साळिंदर उभं करायचं, ही विलायती तऱ्हा. मुंबई-पुण्याच्या वाढदिवसांत ती कित्येक वर्षं ऐटीत मिरवली. ते साळिंदर आधी रिकामं करायचं ते चेरीच्या बाजूनं, हे त्या पिढीतल्या पोरांना सांगावं लागत नसे.

हे झालं थंड घराणं. पवनेच्या काठी आज दिसतं ते गरम घराणं, आणि त्यात अननस शिरला तो शाकाहारी पाहुण्यांची सोय म्हणून. चिकनच्या शेजारी पनीर, सिमला मिरची आणि कांदा सळीवर आले, त्यांच्यात गोडाला अननस. २००६ साली मुंबईत बार्बेक्यू नेशन सुरू झालं. टेबलाच्या मधोमध शेगडी आणि तिच्यावर आपणच फिरवायच्या सळ्या, ही चाल मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडली. त्या सळ्यांत भाजलेला अननस असायचाच. हॉटेलात जमलं ते मोकळ्यावर न जमायला काय झालं?

आणि मोकळी जागा पवनेला मुबलक. पवना धरण १९७२ साली पुरं झालं. पवनानगर, जुन्या माणसांच्या तोंडी काळे कॉलनी, वसलं ते या धरणापायी. पाणी गेलं खाली पिंपरी-चिंचवडच्या नळांना आणि धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मागे राहिला, तो पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला आला. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की एरवी बुडालेलं वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ उघडं पडतं आणि काठाला गवताची पट्टी मोकळी होते. ठाकूरसाई, गेव्हंडे, आंबेगावच्या अंगाला तंबू लागतात ते असल्याच काठावर. शनिवारी दुपारी पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात, सहाच्या सुमाराला चहा-भजी होतात आणि अंधार पडला की शेगड्या पेटतात. मग थंड फळांची काडी आणि भाजलेल्या अननसाची सळी एकाच ताटात येतात. दोन घराणी अशी इथे सोयरी झाली.

त्यात सरकारचाही हात लागला. मार्च २०१८मध्ये महाराष्ट्रानं प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. मग १ जुलै २०२२पासून देशभर एकदा वापरून फेकायचे प्लास्टिकचे काटे-चमचे बंद झाले. बंदी किती पाळली जाते हा वेगळा विषय. पण कापलेली फळं प्लास्टिकच्या काट्यानं खायची सोय गेल्यावर बांबूच्या काडीचं पाकीट हाताशी आलं. बांबूचंही एक गमतीचं प्रकरण आहे. १९२७च्या वन कायद्यात बांबू हे झाड होतं, म्हणून स्वतःच्या शेतातला बांबू तोडून न्यायलाही वाहतुकीचा परवाना लागायचा. २०१७च्या दुरुस्तीनं जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या यादीतून काढला. बुरुड कामट्या काढत आलेत त्या कायद्याच्या कितीतरी आधीपासून, सूप-टोपल्यांसाठी. आपल्या कामट्यांवर कुणी अननस टोचेल, हे मात्र कुठल्या बुरुडाच्या ध्यानीमनी नसेल.

मावळच्या फळांना मावळची काडी मिळाली होतीच, फक्त ती फळातून आरपार गेली नाही. ती पानातून गेली. पळसाचं पान दुमडून त्याचा द्रोण करायचा आणि जोडावर चोय टाचायची. बोटभर लांबीची, सुईसारखी तासलेली काडी. खंडाळ्याच्या घाटात, लोणावळ्याला आणि गडांच्या पायथ्याशी ठाकर-कातकरी बाया करवंदं विकतात ती अशा द्रोणात. “दादा, गोड हायेत, खाऊन बगा,” म्हणत मूठभर वरून आणखी. फळ जखमी होत नाही, चीक हाताला लागत नाही आणि द्रोण संपला की टाकला तरी गुरं खातात. फळं खपवायची कला म्हणून पाहिलं तर मला चोय काडीपेक्षा हुशार वाटते, पण शेगडीवर तिचा उपयोग नाही.

काडी भरायचीच असेल तर तिची रीत आहे. अननसाचे डोळे एकेक टोकरत बसू नये. ते तिरक्या रांगेत असतात, त्या रांगेनं सुरी नागमोडी फिरवली की चर पडतो आणि गर वाया जात नाही. इंच-इंचाचे तुकडे करावेत. टोकदार बाजूनं भरायचं, म्हणजे पहिला तुकडा तळाशी जातो. तो अननसाचाच हवा, वरच्या मऊ तुकड्यांना तो बूच होतो. मग कलिंगड, मग द्राक्षं, आणि वर पुन्हा काहीतरी घट्ट. मीठ आणि चाट मसाला अगदी वाढताना भुरभुरावा, नाहीतर कलिंगड रडायला लागतं आणि ताटात तळं साचतं. शेगडीवर जाणार असेल तर काडी अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवावी, म्हणजे तुकडे भाजून होण्याआधी ती स्वतःच जळत नाही. थंड काडीला ही उठाठेव लागत नाही.

आणि मावळचं एक फळ काडीला धरतं, तिकडे तंबूवाल्यांचं लक्ष जायचंय. कापा फणसाचा गरा. आठळी काढली की आत पोकळी राहते, तिच्या दोन्ही भिंतींतून काडी सरळ जाते. गरा घट्ट असतो, पाणी सोडत नाही आणि निखाऱ्यावर धरला की कडा तांबूस होऊन अननसाहून गोड लागतो. कच्च्या कैरीची जाड फोडही बसते, तिखट-मीठ लावून. बरका फणस मात्र आणू नये, त्याचा गरा काडीवरून थेट राखेत जातो.