आंत्राचा संरक्षक स्तर व एंझाइमे

आंत्राच्या (आतड्याच्या) पोकळीतील पाचक एंझाइमे, सूक्ष्मजंतू व त्यांची विषे यांना रक्तात शिरू न देणाऱ्या आतील अस्तरास आंत्राचा संरक्षक स्तर म्हणतात. त्यात वरचा श्लेष्माचा (बुळबुळीत स्रावाचा) थर, त्याखालील एकपदरी कोशिकास्तर व शेजारच्या कोशिकांना जखडून ठेवणारे घट्ट सांधे यांचा समावेश होतो. हा कोशिकास्तर साधारणपणे तीन ते पाच दिवसांत नवा होतो. तीव्र शोथ (दाहयुक्त सूज), अवसाद (रक्ताभिसरण अपुरे पडून उद्‌भवणारी गंभीर अवस्था) आणि सेप्सिस (संसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे इंद्रिये निकामी होऊ लागणे) यांमध्ये हा स्तर दुबळा होतो. त्यामागे एंझाइमांचा हात किती, हा प्रश्न वैद्यकापुढे दीर्घकाळ आहे.

मांस पचविणारे जठर स्वतःच का पचत नाही, या जुन्या प्रश्नातून या विषयाचा उगम झाला. जॉन हंटर (१७२८–९३) या शस्त्रक्रियाविशारदांनी १७७२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मृत्यूनंतरच्या जठरपचनाविषयी निबंध मांडला. निरोगी स्थितीत अकस्मात मरण पावलेल्या व्यक्तींच्या जठराची भित्ती विरघळलेली त्यांना आढळली होती. जिवंत ऊतकात (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहात) पचनाला विरोध करणारे एक जीवनतत्त्व असते व मृत्यूबरोबर ते नाहीसे होते, असे त्यांचे मत होते. जीवनतत्त्वाची कल्पना पुढे मागे पडली. परंतु संरक्षण ही जिवंतपणी सतत चालणारी क्रिया आहे, हा त्यांचा मुद्दा टिकून राहिला.

एकोणिसाव्या शतकात या संरक्षणाचे रासायनिक स्वरूप उलगडू लागले. टेओडोर श्वान यांनी १८३६ मध्ये जठररसातील पेप्सिनाचा शोध लावला. व्हिल्हेल्म क्यूने यांनी १८७६ च्या सुमारास अग्निपिंडाच्या रसातील प्रथिनविघटक द्रव्याला ट्रिप्सीन हे नाव दिले. ‘एंझाइम’ ही संज्ञाही त्यांचीच. अग्निपिंडात हे एंझाइम निष्क्रिय रूपात असते, असे रूडोल्फ हायडेनहाइन यांनी दाखविले होते. ते आंत्रात पोहोचल्यावर कार्यक्षम करणारे द्रव्य १८९९ मध्ये पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत शेपोव्हालनिकॉव्ह यांना आढळले. तत्पूर्वी १८९६ मध्ये हान्स किआरी यांनी तीव्र अग्निपिंडशोथात ही ग्रंथी स्वतःच्याच एंझाइमांनी पचते, असे प्रतिपादन केले होते. अशा रीतीने स्वपचन ही कल्पना विकृतिविज्ञानात रुजली.

दुसऱ्या महायुद्धानंतर लक्ष अवसादाकडे वळले. रक्तस्राव थांबवून रक्त भरून काढल्यानंतरही काही रुग्ण का दगावतात, याचे उत्तर बॉस्टन येथील जेकब फाइन यांनी आंत्रात शोधले. तेथील जंतूंचे अंतर्विष रक्तात शिरते, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु जंतुरहित परिस्थितीत वाढविलेले प्राणीही अवसादात मरतात, असे दिसून आल्याने हा खुलासा अपुरा ठरला. १९६० नंतरच्या दशकात माँट्रिऑल येथे गुस्ताव्हो बूनूस व त्यांचे सहकारी यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. अवसादात मेंदू व हृदय यांच्याकरिता आंत्राचा रक्तपुरवठा कमी होतो आणि दुबळ्या झालेल्या अस्तरावर ट्रिप्सीन हल्ला करते. अग्निपिंडाचा रस तेथे येऊ न दिल्यास इजा पुष्कळ टळते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

याच काळात सांध्यांची रचना स्पष्ट झाली. १९६३ मध्ये मेरिलिन फार्कर व जॉर्ज पॅलाडी यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तिचे वर्णन केले. जिवंत जंतू आंत्रातून लसीका ग्रंथींत जातात, या घटनेस १९७९ मध्ये ‘जंतुस्थलांतर’ ही संज्ञा मिळाली. तथापि गंभीर जखमी झालेल्या २० रुग्णांच्या यकृताकडे जाणाऱ्या नीलेतील रक्तात जंतू क्वचितच सापडतात, असे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन पाहणीत दिसले. त्यामुळे जंतूंशिवाय आणखी काय बाहेर पडते, हा प्रश्न पुढे आला.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेत गेर्ट श्मिड-शनबाइन यांच्या गटाने २००० पासून स्वपचनाची परिकल्पना नव्याने मांडली. श्लेष्मथर विरळ झाला की, पाचक एंझाइमे भित्तीत शिरतात, ऊतकाचे तुकडे करतात व हे तुकडे दूरच्या इंद्रियांतही शोथ भडकवितात, असे तिचे सूत्र आहे. रक्तस्राव, पर्युदरशोथ व अंतर्विष यांमुळे अवसाद झालेल्या उंदरांच्या आंत्रात एंझाइमरोधक द्रव्ये सोडली असता अधिक उंदीर वाचले, असे या गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. रुग्णांच्या बाबतीत असा लाभ अद्याप निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही.

सर्वच एंझाइमे घातक नसतात. शोथात निर्माण होणाऱ्या संदेशवाहक प्रथिनांमुळे कोशिकेतील एक एंझाइम मायोसिनाचे आकुंचन घडवून सांधे सैल करते. याउलट आंत्रातील अल्कलाइन फॉस्फटेज अंतर्विषातील फॉस्फेट काढून त्याची विषारिता घटविते. हा दुसरा गुण १९९७ मध्ये ग्रोनिंगेन (नेदर्लंड्स) येथील संशोधकांनी दाखविला. यावरून कृत्रिम रीत्या बनविलेले हे एंझाइम सेप्सिसमुळे मूत्रपिंडांना इजा झालेल्या रुग्णांना शिरेतून देण्यात आले. ३०१ रुग्णांच्या चाचणीत (२०१८) मूत्रपिंडांचे कार्य अल्पावधीत सुधारले नाही, पण मृत्यू कमी झाल्याचे दिसले. मात्र ६५० रुग्णांच्या पुढील चाचणीत (२०२४) ही आशा फोल ठरली व ती मुदतीआधीच थांबवावी लागली. सेप्सिसमध्ये प्रतिजैविके, संसर्गाच्या उगमाचे निर्मूलन व रक्ताभिसरण सावरणे हेच उपचार मुख्य राहिले आहेत. आंत्रातील रक्तप्रवाह वेळेवर पूर्ववत होणे, हेच स्वपचनाविरुद्धचे आजवरचे सर्वांत विश्वसनीय संरक्षण होय.